मीठ चौकीचा सिग्नल : शहरात कोणाचा वेळ मोजला जातो?

विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की इतिहासाच्या व्याख्यानात सिग्नल कुठून आला? किल्ले, तह, सनदा ठीक आहेत. पण चौकातल्या लाल दिव्याला कसला आलाय इतिहास? माझं म्हणणं असं आहे, की शहर कोणाला थांबवतं आणि कोणाला जाऊ देतं, याचा इतिहास म्हणजे सत्तेचा इतिहास. आणि तो वाचायला सिग्नलसारखी दुसरी जागा नाही. तिथे दर दोन मिनिटांनी निर्णय होतो, आणि तो सेकंदांत मोजता येतो.

आपण उदाहरण घेऊ मढचं, म्हणजे खरं तर मढला जाणाऱ्या रस्त्याचं. मढ हे मुंबई उपनगरातलं टोकाचं कोळी गाव. तीन बाजूंना पाणी. समोर खाडीपलीकडे वर्सोवा दिसतं. तरीतून पोचायला काही मिनिटं लागतात. गाडीनं जायचं म्हटलं, तर मात्र मालाडला वळसा घालावा लागतो. मालाड स्टेशनवरून बेस्टची २७१ नंबरची बस मढ जेट्टीला जाते. वाटेत ऑर्लेम, मग मीठ चौकी, मालवणी, मार्वे, अक्सा, एरंगळ, आणि शेवटी मढ. या वाटेवर मार्वे रोड आणि न्यू लिंक रोड एकमेकांना जिथे छेदतात, ती मीठ चौकी. मढ, मालवणी, मार्वे इथल्या माणसाला दवाखाना, कॉलेज, बाजार, लोकल, यांतलं काहीही गाठायचं असेल तर बहुधा हा चौक ओलांडावाच लागतो.

नावातच नाका आहे

आधी नावाकडे बघू. मीठ चौकी. मालाडच्या खाडीकाठी मिठागरं होती, हे आपल्याला ठाऊक आहे. इंग्रजी अमलात मिठावर कर होता आणि मुंबई इलाख्यासाठी १८९० चा स्वतंत्र मीठ कायदा होता. आगरातून मीठ बाहेर काढायचं तर आधी कर भरायचा, परवाना घ्यायचा, आणि वाटेतल्या पहाऱ्यावर तो दाखवायचा. अशा पहाऱ्याच्या जागेला चौकी म्हणत. म्हणजे सिग्नल यायच्या कितीतरी आधीपासून या नावात ‘थांबा’ लिहिलेलं आहे.

पण कशासाठी थांबा? सरकारच्या महसुलासाठी. थांबणाऱ्याच्या हितासाठी नव्हे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे आपण सिग्नललाही हाच प्रश्न विचारणार आहोत. १९३० साली याच उपनगरी पट्ट्यात, विलेपार्ल्याच्या छावणीतून, मिठाचा सत्याग्रह चालला. वडाळ्याच्या मिठागरावर लोक चालून गेले. १९४७ मध्ये तो कर गेला. चौकीचं काम संपलं, नाव राहिलं.

मढलासुद्धा असा एक पहारा आहेच. खाडीच्या तोंडावरचा पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला. वसईच्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला. त्याचंही काम तेच : खाडीत शिरणाऱ्यावर नजर ठेवणं.

१९५७ मध्ये मुंबई महापालिकेची हद्द पश्चिमेला दहिसरपर्यंत वाढली. मालाड त्यात आलं. पण हद्द वाढली म्हणजे रस्ता वाढला असं होत नाही. मार्वे रोड हा मुळात गावांना जोडणारा रस्ता. त्याला लिंक रोड आडवा आला, तो मात्र शहराच्या उत्तर-दक्षिण धावपळीसाठी. २००४ मध्ये इनऑर्बिट मॉल सुरू झाला, मागोमाग कॉल सेंटरं आणि ऑफिसं आली. २०२३ च्या जानेवारीत लिंक रोडवरून मेट्रो २-अ धावू लागली. तिच्या वळनई स्थानकाच्या नावात मीठ चौकीही आहे. एक रस्ता गावाच्या गतीचा, एक शहराच्या गतीचा, आणि दोघांची गाठ एका चौकात. अपघाताचं बीज इथे आहे.

पहिला सिग्नल कोणासाठी होता?

आता थोडं लांब जाऊ. लंडन, १० डिसेंबर १८६८. पार्लमेंटजवळच्या चौकात जगातला पहिला रस्त्यावरचा सिग्नल सुरू झाला. कल्पना जॉन पीक नाइट यांची, आणि हे गृहस्थ रेल्वेतले. त्यामुळे त्यांनी रेल्वेचाच सिग्नल उचलून रस्त्यावर आणला. दिवसा वर-खाली होणारे हात, रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे. खाली उभा पोलीस तो चालवायचा.

आता गंमत ऐका. लंडनच्या पोलीस आयुक्तांनी लोकांसाठी सूचना काढली. तिचा आशय असा, की ‘थांबा’ची खूण दिसली की गाड्या-घोडे दोन्ही बाजूंना थांबतील, आणि पायी चालणारे पलीकडे जातील. म्हणजे जगातला पहिला सिग्नल पादचाऱ्यांसाठी उभा राहिला! गाड्यांची गर्दी सुरळीत व्हावी म्हणून नव्हे. चालणारा माणूस जिवंत पलीकडे पोचावा म्हणून.

तो टिकला नाही. काही आठवड्यांतच गॅस गळून स्फोट झाला आणि चालवणारा पोलीस भाजला. मग जवळजवळ अर्धं शतक ती कल्पना बाजूला पडली. ती परत आली ५ ऑगस्ट १९१४ रोजी, अमेरिकेत क्लीव्हलँडला, विजेच्या दिव्यांच्या रूपात. १९२० मध्ये डेट्रॉईटच्या विल्यम पॉट्स या पोलीस अधिकाऱ्यानं चारही दिशांना लाल, पिवळा, हिरवा असे तीन दिवे लावले. पण मधल्या काळात मोटार आली होती. चौकाचा मालक बदलला होता. आता सिग्नलचं काम झालं मोटारी हलत्या ठेवणं. पादचारी त्या हिशेबात उरलेल्या वेळेचा धनी झाला.

१९५८ मध्ये इंग्लंडच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतल्या वेब्स्टर यांनी या हिशेबाला गणिताचं रूप दिलं. सिग्नलचं एक आवर्तन किती सेकंदांचं असावं, हे काढायचं सूत्र त्यांनी मांडलं, आणि जगभर अभियंते ते शिकले, आपल्याकडेही. सूत्र उत्तम आहे, दोष त्याचा नाही. पण ते काय कमी करतं? वाहनांचा सरासरी खोळंबा. फूटपाथवर उभ्या असलेल्या बाईचा खोळंबा त्यात येतच नाही. जे मोजलं जात नाही, ते वाचवलंही जात नाही.

मुंबईत काय झालं?

मुंबईत आधी काम होतं पोलिसाच्या हाताचं. निळा गणवेश, पिवळी टोपी, चौकाच्या मध्यभागी उभा शिपाई. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम आली, १९०७ मध्ये विजेची, १९२६ मध्ये बस. हाताच्या इशाऱ्यावर हे सगळं चालत होतं. मग दिवे आले, ठरावीक वेळेचे. सकाळी अकराला जेवढा हिरवा, तेवढाच रात्री अकराला. गर्दी बदलली की शिपाई खांबावरची पेटी उघडून स्वतः बटण दाबायचा. आजही अनेक चौकांत तुम्ही हे पाहिलं असेल.

मोठी सुधारणा आली जागतिक बँकेच्या कर्जातून चाललेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात. या कर्जाला २००२ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात ‘एरिया ट्रॅफिक कंट्रोल’ नावाचा भाग होता. सुमारे अडीचशे चौकांतले सिग्नल संगणकाला जोडायचे, गाड्या मोजणारी यंत्रं बसवायची, आणि गर्दीप्रमाणे हिरव्याची वेळ आपोआप कमी-जास्त करायची. सिडनीत आणि ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकापासून अशा व्यवस्था विकसित होत होत्या. मुंबईनं ते तंत्र आणलं, हे चांगलंच झालं. पण यंत्र कोणाला बघतं? गाडीला. चालणाऱ्याला ते तेव्हाच बघतं, जेव्हा आपण त्याला तसं सांगतो.

पुढे २०१६ पासून सीसीटीव्हीच्या आधारे ई-चलान सुरू झालं. २०२० च्या जानेवारीअखेर मुंबई पोलिसांची ती चित्रफीत आली, आठवते ना? सिग्नलला आवाजमापक जोडला होता. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून. (हशा) त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दादर-माहीम भागात पादचारी दिव्यांवर बाईची आकृती आली. मी तिचं स्वागतच करतो. पण दिव्यात बाई दिसली म्हणजे बाईला पलीकडे जायला वेळ मिळाला असं नाही. तो वेळ वेगळा मोजावा लागतो. चला, मोजू या.

सेकंदांचा हिशेब

समजा, ओलांडायचा रस्ता ३० मीटर रुंद आहे. अभियंते चालण्याचा वेग साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. म्हणजे २५ सेकंद. आता मढची मासे विकणारी मावशी डोळ्यांसमोर आणा. डोक्यावर पाटी, गुडघे दुखताहेत. तिचा वेग सेकंदाला ०.८ मीटर धरू. तिला लागतील साडेसदतीस सेकंद. दिवा २५ सेकंदांचा असेल, तर तो लाल होईल तेव्हा ती २० मीटरवर असेल, आणि पुढचे १० मीटर सुटलेल्या गाड्यांसमोर. तिनं कुठलाही नियम मोडलेला नाही. तिला उशीर झाला नाही. हिशेबानं तिला वगळलंय. अमेरिकेनं २००९ मध्ये आपल्या नियमावलीत हा वेग १.२ वरून सुमारे १.०७ मीटरवर आणला. कारण साधं : लोकसंख्या म्हातारी होतेय. आपली होत नाही का?

दुसरा हिशेब पिवळ्याचा. १९६० मध्ये अमेरिकेत गॅझिस, हर्मन आणि मॅराड्युडिन या तिघांनी एक प्रश्न मांडला : पिवळा लागला तेव्हा चालक अशा जागी असेल, की थांबायला अंतर पुरत नाही आणि निघून जायला वेळ पुरत नाही, तर दोष कोणाचा? त्यांचं उत्तर असं, की पिवळ्याची वेळ चुकीची असेल तर प्रामाणिक चालकही कोंडीत सापडतो. ताशी ५० किलोमीटर वेग, भानावर यायला एक सेकंद आणि बेताचा ब्रेक धरला, तर पिवळा तीन सेकंदांहून थोडा जास्त हवा.

तिसरा हिशेब सगळ्या बाजू लाल ठेवण्याचा, आणि आपल्याकडे हाच महत्त्वाचा. पिवळ्याच्या शेवटच्या क्षणी आत शिरलेली मोटार ताशी ५० च्या वेगानं ३० मीटरचा चौक दोन-सव्वादोन सेकंदांत पार करते. पण रिक्षा? ताशी २५ धरली तर तिला सव्वाचार सेकंदांहून जास्त लागतात. म्हणजे मोटारीच्या मापानं दोन सेकंद ‘सगळं लाल’ ठेवलं, तर रिक्षा चौकाच्या मध्यावर असताना आडव्या बाजूचा हिरवा लागतो. तिथे आधीच क्लच सोडायच्या तयारीत उभी असलेली बाईक सुटते. धडक. आणि दुसऱ्या दिवशी आपण म्हणतो, रिक्षावाल्यांना शिस्त नाही! कधी नसतेही. पण शिस्त पाळणारी रिक्षाही त्या गणितात सापडते.

चौथी गोष्ट चौकाच्या घडणीची. चार तोंडांच्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी भिडतात. तीन तोंडांच्या चौकात फक्त ९ ठिकाणी. चार तोंडांच्या मीठ चौकीत दिव्यांचं काम म्हणजे हे ३२ बिंदू वेळेत वेगळे करणं. पण चौक अवाढव्य असेल, कोपरे गोलाकार असतील, वळणारी गाडी वेग न कमी करता वळत असेल, तर दिवा कितीही आधुनिक असो, पादचाऱ्याला त्याचा उपयोग मर्यादित. म्हणूनच अनुभव असा, की नुसता सिग्नल लावल्यानं आडव्या धडका कमी होतात, पण मागून ठोकण्याचे प्रकार वाढू शकतात. सिग्नल म्हणजे औषध. मात्रा चुकली तर त्याचाही त्रास होतो.

मीठ चौकीवर केलेला प्रयोग

म्हणून मीठ चौकी मला महत्त्वाची वाटते. ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीजच्या जागतिक रस्तासुरक्षा उपक्रमात मुंबई २०१५ पासून आहे. त्यात महापालिका, वाहतूक पोलीस आणि डब्ल्यूआरआय इंडिया यांनी धोक्याच्या काही चौकांची पुनर्रचना हाती घेतली. वांद्र्याचा एचपी पंपाचा चौक, नागपाडा, आणि मालाडची मीठ चौकी त्यांत होती. पद्धत अगदी साधी. आधी सिमेंट ओतायचं नाही. रंग, शंकू आणि तात्पुरते अडथळे वापरून चौकाचा नवा आकार रस्त्यावर आखायचा. जी जागा गाड्यांना खरं तर लागतच नाही, ती काढून फूटपाथला द्यायची. मध्ये पादचाऱ्याला थांबायला बेट करायचं. मग बघायचं, मोजायचं, चुकलं असेल तर दुरुस्त करायचं. पटलं की पक्कं काम.

बेटाचं महत्त्व आपल्याच हिशेबात घालून बघा. ३० मीटरच्या मधोमध बेट आलं, की मावशीला एका वेळी १५ मीटरच ओलांडायचे. ०.८ च्या वेगानं एकोणीस सेकंद. जो दिवा तिला अपुरा होता, तोच आता पुरून उरतो. दिवा बदलला नाही, रस्ता बदलला. म्हणून सिग्नलची सुधारणा नेहमी जमिनीपासून वर जावी. खांबापासून खाली नव्हे.

मात्र गोष्ट इथे थांबत नाही. मीठ चौकीवर उड्डाणपूलही झाला, इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा. २०२४ च्या ऑक्टोबरात त्याची एक भुजा सुरू झाली, २०२५ मध्ये दुसरी. मार्वेकडून निघालेला मोटारवाला आता वरून जाऊ शकतो. त्याचा वेळ वाचला, आणि मालवणीच्या, मढच्या लोकांनी सोसलेली कोंडी बघता कोणी त्याला नावं ठेवू नयेत. पण वरून कोण जातं आणि खाली कोण राहतं? बसथांबा खाली आहे. रिक्षाची रांग खाली आहे. चालणारा खाली आहे. वाहनं वर गेल्यामुळे खालच्या चौकात सेकंद मोकळे होतात. ते कोणाला द्यायचे, हा आजचा खरा प्रश्न. ते राहिलेल्या गाड्यांना दिले, तर खालचा चौक मोकळा आणि वेगवान होईल. आणि मोकळा, वेगवान चौक पादचाऱ्याला जास्त धोक्याचा असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की सरासरी वेग एका टक्क्यानं वाढला, तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. कोंडीत माणसं वैतागतात, वेगात मरतात.

रात्रीचंही तेच. गर्दी ओसरली की अनेक चौकांत दिवा नुसता पिवळा लुकलुकत ठेवतात. गाड्या कमी, मग थांबवायचं कशाला? पण पहाटे जेट्टीवर निघालेला, किंवा रात्रपाळी संपवून उतरलेला माणूस तेव्हाच चौकात असतो, आणि गाड्यांचा वेग तेव्हाच सर्वांत जास्त असतो.

जबाबदारी कोणाची?

२०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. मुंबईत ३७१. २०१९ मध्ये हाच मुंबईचा आकडा ४४७ होता. म्हणजे तो कमी होऊ शकतो. आणि मुंबईतल्या मृतांमध्ये बहुतांश लोक पायी चालणारे किंवा दुचाकीवरचे असतात.

आता यात जबाबदार कोण? सिग्नल उभारतं आणि दुरुस्त करतं महापालिका. चालवतात वाहतूक पोलीस. मेट्रोचे खांब एमएमआरडीएचे. म्हणून अपघात झाला की जबाबदारीही चौकासारखीच चार दिशांना जाते. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या सुरक्षा-मानकांनुसार नसेल आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणेला, कंत्राटदाराला, सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ आहे. पण इतिहासाच्या दृष्टीनं वळण मोठं आहे. इतकी वर्षं कायदा फक्त चालकाची चूक शोधत होता. आता चौकाचीही चूक असू शकते, हे त्यानं मान्य केलं.

मग नागरिकानं काय करायचं? तुमच्या चौकात ‘सिग्नल अद्ययावत करणार’ असा फलक लागला, की एलईडी किती, कॅमेरे किती, एवढ्यावर थांबू नका. पादचाऱ्याला सलग किती सेकंद मिळणार आणि ते किती वेगाच्या माणसासाठी मोजलेत? पिवळा किती? सगळ्या बाजू लाल किती, आणि त्यात रिक्षा धरली आहे का? मधे बेट आहे का? रात्री अकरानंतर काय? प्रत्येक सिग्नलला वेळांचा तक्ता असतो. २००५ च्या माहिती अधिकारात तो मागता येतो. जमलं तर आधी स्वतः घड्याळ घेऊन उभे राहा, लहान पोरांना बरोबर न्या, मोजा, लिहून काढा. तक्त्यातले सेकंद आणि रस्त्यावरचे सेकंद जुळत नाहीत, असं दिसलं की अर्जाला वजन येतं.

मढ-वर्सोवा पुलाची योजनाही पुढे सरकते आहे. तो झाला की मढ रस्त्याचं टोक राहणार नाही. मधली वाट होईल. आज जी रहदारी मीठ चौकीपाशी अडते, तिच्यातली काही उद्या भाटी, एरंगळ, अक्सा या गावांतून जाईल. तिथे आज अरुंद रस्ते आहेत, दारात सुकत घातलेली मासळी आहे, शाळेत चालत जाणारी पोरं आहेत. त्या गावांमधले चौक अजून घडायचे आहेत. मीठ चौकीवर आधी अपघात झाले आणि मग आखणी झाली. या गावांच्या बाबतीत क्रम उलटा ठेवायला अजून वेळ आहे. पुलाच्या नकाशाबरोबर गावातल्या प्रत्येक ओलांडणीचा नकाशा आणि तिचे सेकंद मागायला हवेत, तेही काम सुरू व्हायच्या आधी.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.